खुर्चीवरचं भोत

आमच्या दूध संस्थेत सेक्रेटरी हजर आहेत की नाहीत, हे त्यांच्या टोपीवरून ठरायचं. खुर्चीच्या पाठीला पांढरी टोपी अडकवलेली दिसली की तात्याराव आले. मग ते समोरच्या हॉटेलात चहा पीत असोत, शेतातल्या विहिरीचा गाळ काढून घेत असोत, नाहीतर पाहुण्यांना पोचवायला येडशी स्टेशनावर गेलेले असोत, संस्थेच्या लेखी ते कामावर असायचे. कुणी दारात डोकावून सेक्रेटरींची चौकशी केली तर रस्त्यानं जाणारा कुणीही सांगायचा, "टोपी हाय की. इथंच कुटंतरी असतील." विचारणारा समाधानानं निघून जायचा. मी डोक्यावर पदर घेत असे, आणि पदर काही खुर्चीला अडकवून घरी जाता येत नाही.

त्या संस्थेत मी दुधाचं फॅट काढायचं, म्हणजे दुधात लोण्याचा अंश किती ते तपासायचं काम करत होते. मॅट्रिक झाल्यावर उस्मानाबादला जाऊन शिकून आले होते, आणि मला ते काम आवडत होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बाईमाणूस काय, नाइलाजानं करत असणार, असं लोक परस्पर ठरवून मोकळे होतात.

हे काम दूध येतं तेव्हाच करावं लागतं, आणि दूध म्हशीच्या सोयीनं येतं. पहाटे चांदण्या असताना मी कंदील घेऊन निघायचे. संस्थेच्या पत्र्याच्या शेडसमोर बायका चरव्या नि किटल्या घेऊन रांगेत बसलेल्या असायच्या. आमचा मापाडी दगडोबा दूध मापून कॅनमध्ये ओतायचा. मी प्रत्येकीच्या दुधाचा नमुना काचेच्या नळीत घ्यायचे, त्यात तेजाब घालायचे आणि नळ्या यंत्रात बसवून हातानं गरागरा फिरवायचे. दंडात गोळे यायचे. तेजाबाचे थेंब उडून माझ्या एकूण एक पातळाला भोकं पडली होती. दुधाची गाडी गेली की नळ्या धुवायच्या, कॅन पालथे घालायचे आणि ऊन तापायच्या आत घरी जायचं. दुपार कलली की पुन्हा यायचं, ते दिवेलागण होऊन गेल्यावर सुटायचं.

आणि ऑफिसची वेळ होती साडेदहा ते साडेपाच. म्हणजे संस्थेत दुधाचा थेंब नसतो, नेमकी तेवढी.

मी घरी निघायचे तेव्हा तात्याराव यायचे. आमची गाठ हमखास मारुतीच्या पाराजवळ पडायची. ते टोपी काढून घाम पुसायचे, माझ्याकडं पाहायचे आणि म्हणायचे, "काय बाई, सुटल्या?"

सुटल्या. शाळा सुटते, ढोरं सुटतात, तशा बाई सुटल्या. पहाटेपासून माझा खांदा मोडलेला असायचा आणि हा माणूस दात घासून, न्याहारी करून, कपाळाला गंध लावून नुकता घराबाहेर पडलेला असायचा. पण दिवस यांच्यापासून सुरू होणार. त्याआधी जे झालं ते उजाडण्यापूर्वीचं, म्हणजे झालंच नाही. पहिल्या पहिल्यांदा मी सांगायचे, अहो, एवढं एवढं दूध आलं, गाडी वेळेवर गेली. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे. पुढं पुढं मी नुसतं हो म्हणू लागले. तात्याराव वाईट नव्हते, हीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं.

घरी माझी लेक होती, सात महिन्यांची. सासूबाई सरुबाई तिला सांभाळायच्या. आमचे मास्तर लोहाऱ्याला शाळेवर होते, शनिवारी एस.टी.नं यायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत जायचे. त्यांची नोकरी अजून कायम नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना पगार नसायचा आणि घरातली चूल माझ्या पगारावर पेटायची. मी घरी पोचेपर्यंत लेकीनं रडून गाव डोक्यावर घेतलेलं असायचं, आणि माझीही छाती भरून ठणकायला लागलेली असायची. तिला पाजलं की आम्ही दोघी निवायचो. मग धुणं, पाणी, भाकरी. याला गावात नाव होतं, बाई दुपारभर घरी असतात.

शहाऐंशीचा उन्हाळा होता तो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं. विहिरी खरवडून झाल्या होत्या, टँकर आला की बायकांच्या घागरी एकमेकींवर आपटायच्या. कडबा सोन्याचा झाला होता. लोक दावणीची जनावरं बाजारात नेऊन पडेल त्या भावात देत होते. दूध निम्म्यावर आलं. दुधाची गाडी रिकाम्या कॅनांचा खडखडाट करत जायची. आणि वरून निरोप आला की संस्थेला तीन माणसं आता झेपायची नाहीत, महिनाअखेरच्या बैठकीत एक कमी करा.

तीन म्हणजे तात्याराव, मी आणि दगडोबा. कोण कमी होणार हे बैठकीआधीच अख्ख्या गावाला कळलं होतं. हॉटेलच्या बाकावर निकाल लागला होता. बाईला काय कमी आहे, नवरा मास्तर आहे. पोर तान्हं आहे, घरी बसून सांभाळील. नाहीतरी अर्धा दिवस घरीच असते. हे सगळं माझ्याच कानांवर यायचं, आणि सांगणारे मला दिलासा दिल्यासारखं सांगायचे. चला बाई, आता तुमची दगदग वाचेल. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात कळलं.

मी चेअरमनकडं गेले. आबाराव हे वयस्क, पोक्त माणूस, गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनीच मला कामावर घेतलं होतं. मी म्हटलं, मला काढणार असं ऐकते, खरं आहे का. त्यांनी खरं-खोटं काही सांगितलं नाही. म्हणाले, "म्या दुपारचं चारदा यिऊन गेलो संस्थेत. तात्यारावची टोपी व्हती. तुमची खुर्ची रिकामी."

"आबा, दुपारी दूध नसतं."

"दूध नसंना. माणूस तर असावं."

दूध नसलेल्या दूध संस्थेत माणूस कशाला असावं, हे मी विचारलं, तर ते माझ्याकडं पाहून हसले, लहान पोराला हसतात तसे. मी त्यांना आठवण दिली की मला कामावर घेताना तुम्हीच म्हणाला होता, दूध यील तवा या, दूध जाईल तवा जा. ते म्हणाले की ती गोष्ट तेव्हाची. महिनाअखेरपर्यंत बघू, दिसत जा जरा.

दिसत जा. म्हणजे काम करत जा असं नव्हे. कामाबद्दल त्यांची तक्रारच नव्हती.

मग मी दिसायचं ठरवलं. सकाळचं दूध गेल्यावर घरी न जाता खुर्चीवर बसून राहिले. वर पत्रा तापलेला, समोर रिकामे कॅन, अंगाला आंबूस वास. तात्याराव आले, टोपी अडकवली, माझ्याकडं पाहून म्हणाले, "आज सुटला न्हाय?" आणि निघून गेले. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर टोपी, एकीवर मी. आम्ही दोघी दुपारभर एकमेकींकडं बघत बसलो. टोपीला घाम येत नव्हता आणि तिला तान्हं पोर नव्हतं, एवढाच काय तो फरक. आबाराव काही त्या दिवशी आले नाहीत.

ऊन डोक्यावर आलं तसं माझं पोलकं दुधानं भिजलं. मी पदराची चौघडी करून आत धरली. तीही भिजली. तेवढ्यात सासूबाई लेकीच्या डोक्यावर ओलं फडकं टाकून, अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून चालत आल्या. पोर रडून रडून निळीजांभळी झाली होती. मी कॅनांच्या आडोशाला बसून तिला पाजायला घेतलं आणि नेमके तात्याराव काहीतरी विसरलं म्हणून परत आले. लगेच पाठ करून उभे राहिले, तेवढी रीत त्यांना होती, पण म्हणाले, "बाई, ही संस्था हाय का बालवाडी?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाई आता पोरही कामावर आणतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असली गत. दुपारी घरी जावं तर खुर्ची रिकामी, आणि खुर्चीवर बसावं तर मांडीवर पोर. सासूबाईंच्या पायांना फोड आले होते. रात्री त्यांच्या पायांना तेल लावताना मला रडू आलं, ते रागाचं होतं.

आमच्या शेजारी विठाबाई राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरी एक म्हैस. संस्थेत बाकी सगळे सभासद म्हणजे गडीमाणसं, दूध आणून घालणाऱ्या त्यांच्या बायका. स्वतःच्या नावावर सभासद असलेली बाई विठाबाई एकटीच. त्यांच्या म्हशीचं वासरू त्या उन्हाळ्यात गेलं. खुराक नाही, म्हशीलाच नाही तर वासराला कुठला. तेव्हापासून म्हैस पान्हा चोरायची, कासेला हात लावू द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात गेले तर विठाबाई भोत भरत बसल्या होत्या. मेलेल्या वासराचं कातडं वाळवून, शिवून, आत काहीतरी कोंबून वासरासारखं करतात, त्याला भोत म्हणतात. ते म्हशीपुढं ठेवलं की ती आपलं वासरू समजून पान्हा सोडते. एरवी आत कडबा भरतात. विठाबाई चिंध्या भरत होत्या. म्हणाल्या, औंदा कडबा भरला तर म्हैस भोत फाडून खाईल, आणि खाल्लं तर तिला नाव कसं ठेवायचं.

त्यांनी भोत म्हशीपुढं ठेवलं. पाय कसले, चार काटक्या खोचलेल्या. डोळ्यांच्या जागी भोकं. म्हशीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, मग हळूहळू चाटायला लागली. विठाबाईंनी खाली चरवी धरली आणि धार वाजू लागली.

मी बघत उभी होते. काटक्यांवर उभं असलेलं ते चिंध्यांचं वासरू आणि त्यापुढं भरभरून दूध देणारी म्हैस. एकाएकी मला तात्यारावांची टोपी आठवली आणि मी हसायला लागले. इतकी हसले की विठाबाईंनी दूध काढायचं थांबवून मला विचारलं, उन्हाचा तडाखा बसला का गं.

त्या दुपारी मी माझं भोत भरलं. बाजाराची जुनी पिशवी घेतली, आत लेकीच्या फाटक्या दुपट्यांच्या नि लंगोटांच्या चिंध्या ठासून भरल्या, म्हणजे पिशवी खुर्चीवर बसल्यासारखी बसेल. वरून क्रोशाचा अर्धवट विणलेला रुमाल सोडला, त्यात सुई अडकवलेली. लग्नाआधी विणायला घेतला होता, तो असा कामी आला. दुसऱ्या दिवशी सकाळचं काम आटोपल्यावर मी पिशवी खुर्चीत ठेवली, रुमाल नीट लोंबता केला आणि घरी गेले.

त्यानंतर मी एक दिवसही दुपारी संस्थेत नव्हते. आणि गाव म्हणायला लागलं की बाई आता दिवसभर असतात.

मला वाटलं होतं, दोन-चार दिवसांत बिंग फुटेल. कसलं फुटतंय. हॉटेलवाला म्हणाला, बाई, आज लई वेळ विणत बसला होता. पाराजवळ तात्यारावांची गाठ पडायची ती पडतच होती, रोज मी त्यांच्या डोळ्यांदेखत घरी जात होते, पण त्यांनी सुटल्या का विचारायचं सोडून दिलं. त्यांना वाटलं असणार की मी काहीतरी आणायला चाललेय. आबाराव दोनदा डोकावून गेले, असं कळलं. त्यांनी टोपी पाहिली, रुमाल पाहिला, दोघंही जागेवर आहेत म्हणून समाधानानं गेले. मी विणत बसते म्हणून कुणाला राग आला नाही. दूध नसताना खुर्चीत बसून रुमाल विणणारी बाई कामावर असते, आणि काम संपवून घरी लेकीला पाजणारी बाई सुटलेली असते. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, त्या दिवसांत मला फक्त सुख होतं. लेक वेळेवर पोटभर पीत होती, आणि नोकरी राहणार होती.

महिनाअखेरची बैठक शेडमध्येच भरली, संध्याकाळच्या दुधाआधी. सभासद सतरंजीवर बसले. विठाबाई दाराच्या खांबाला टेकून बसल्या. दगडोबा बाहेर पायरीवर, नेहमीसारखा. तात्यारावांनी आज टोपी डोक्यावर घातली होती, म्हणजे ते खरोखरच हजर होते. माझी पिशवी माझ्या मांडीवर होती.

आबारावांनी निरोप वाचून दाखवला. मग तात्याराव बोलायला उठले आणि त्यांनी माझं कौतुक केलं. बाईंच्या बाबतीत आधी जरा कुरबुर होती, पण आता बाईंना जबाबदारी कळली आहे, दिवसभर जागेवर असतात, असंच सगळ्यांनी असावं. दोघा-चौघांनी माना डोलावल्या. मी खाली बघत राहिले. आबाराव म्हणाले, "तवा बाई ऱ्हातील. दगडोबाला थांबवावं म्हणतो. त्यो कवा बी बघावं तर जाग्यावर न्हाय."

कवा बी बघावं तर. हेच, फक्त शब्द निराळे, आधी माझ्याबद्दल होतं.

दगडोबा आणि मी एकाच वेळी यायचो, एकाच वेळी जायचो. कॅन उचलून उचलून त्याच्या पाठीला बाक आला होता. फरक इतकाच की मला खुर्ची होती. दगडोबाला संस्थेनं कधी खुर्चीच दिली नव्हती, तर तो भोत ठेवणार कुठं. मी पायरीकडं पाहिलं. तो आबारावांना नुसतं "बरं" म्हणाला आणि उठून कॅन सरळ करायला लागला, कारण संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली होती.

ते बघून माझ्या अंगाचा भडका उडाला. मी उठले, मधोमध गेले आणि पिशवी सतरंजीवर पालथी केली. दुपट्यांच्या चिंध्या, लंगोट, सगळं चेअरमनच्या पायाशी पडलं. वरून क्रोशाचा रुमाल.

"आबा, ह्या होत्या दिवसभर जागेवर," मी म्हटलं. "मी घरी होते. रोज. दुपारी इथं टोपी नि पिशवी असायची."

आधी कुणाला कळेना. मग मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "भोत हाय की रं." आणि सगळी सतरंजी हसायला लागली. जनावरं पाळणारी माणसं ती, त्यांना अधिक सांगायला नको होतं. हसता हसता सगळ्यांच्या नजरा तात्यारावांच्या डोक्याकडं गेल्या. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, तिचं काय करावं त्यांना सुचेना.

आबाराव मात्र हसले नाहीत. ते चिडले होते. म्हणाले, तुम्ही संस्थेला फसवलं बाई. मी म्हणणार होते की संस्था फसायलाच बसली होती, पण त्याआधी विठाबाई बोलल्या. त्या जागेवरून उठल्याही नाहीत.

"फसवलं म्हंता, तर ऐका. माझ्या म्हशीला ठावं हाय त्ये वासरू मेलंय. येडी न्हाय ती. कास ठणकाय लागली की बिचारी चिंध्या चाटती नि मोकळी व्हती. भोतानं म्हस फसत न्हाय, आबा. फसतंय त्ये माणूस." मग त्यांनी सतरंजीवर नजर फिरवली. "आन आता सांगा, तुमच्यातलं कोन पहाटं हितं आलंय कधी?"

कुणीच आलं नव्हतं. येणार कसे. दूध आणायच्या त्या त्यांच्या बायका. सभासद झोपलेले असायचे. मला नि दगडोबाला काम करताना पाहिलेलं माणूस त्या बैठकीत एकटी विठाबाई होती. बाकीच्या बायका बाहेर रांगेत चरव्या घेऊन उभ्या होत्या, पण त्या सभासद नव्हत्या.

आबारावांनी निरोपाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले की कुणाला थांबवायचं ते आज ठरत नाही, उद्या पहाटे मी स्वतः येतो.

आणि आले. हे मात्र त्यांचं मानलं पाहिजे. आम्ही कुलूप काढत होतो तेव्हा ते अंधारातून खाकरत आले. आधी उभे राहिले, मग कॅनवर बसले. मग रांग वाढली तसा मी त्यांच्या हातात कंदील दिला. चेअरमनला कंदील धरा म्हणणं माझ्या जिभेला जड गेलं असतं, म्हणून मी काही न बोलताच दिला. पुढं यंत्र फिरवायच्या वेळी त्यांनी हात पुढं केला. दोन खेपांत त्यांचा दंड भरून आला आणि ते यंत्राकडं अशा नजरेनं पाहू लागले की जणू ते त्यांना चावलं. गाडी गेली तेव्हा त्यांच्या धोतरावर तेजाबाचं एक भोक पडलेलं होतं. त्यांनी त्यात बोट घालून बघितलं.

मी पदर सारखा करून निघाले. मला थांबणं शक्यच नव्हतं, पोलकं भिजायला लागलं होतं. आबाराव म्हणाले, "दूध यील तवा या, दूध जाईल तवा जा, असं म्हनलो व्हतो न्हाय का म्या?"

"म्हणाला होता."

"मग तेच ऱ्हाऊ द्या. समद्यांना."

समद्यांना, हा शब्द तात्यारावांना महागात पडला. दुपारी संस्थेला कुलूप, आणि सेक्रेटरीनंही दूध येईल तेव्हा यायचं, असा नियम झाला. तात्याराव काही दिवस आले पहाटे. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, कॅनला टेकून पेंगायचे. एकदा दगडोबानं कुलूप काढलं तर आत अंधारात टोपी आधीच खुर्चीवर होती. आदल्या संध्याकाळीच अडकवून गेले होते. "सेक्रेटरी लई लौकर आले आज," दगडोबा म्हणाला, आणि रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यानंतर तात्यारावांनी राजीनामा दिला. पहाटेची हवा त्यांना मानवत नव्हती. संस्थेनं कुणालाच काढलं नाही आणि माणूस एक कमी झालं. त्यांचं काम माझ्याकडं आलं, तेही पहाटे नि संध्याकाळीच बसून मी उरकू लागले. पगार वाढवायचं कुणाला सुचलं नाही, ते वेगळं.

टोपी मात्र खुर्चीवरच राहिली. त्यांनी नवी घेतली असेल, न्यायला आले नाहीत. मी ती काढून टाकणार होते, पण दगडोबा म्हणाला, असू द्या बाई, खिडकीतून दिसतीय, त्या धाकानं चोर येत न्हाईत.

पावसाळ्याच्या तोंडाला, एका सकाळी दुधाची गाडी गेल्यावर, मी संस्थेला कुलूप लावून, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून घरी निघाले. हॉटेलच्या बाकावर दोघं बसले होते. परगावच्या एकानं विचारलं, संस्थेत कुणी भेटंल का. गावातल्यानं मान वळवून खिडकीच्या गजांतून आत पाहिलं.

"सेक्रेटरी हायेत की आत," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. "काय बाई, सुटल्या?"

मी थांबले. कमरेला किल्ल्या बोचत होत्या, आणि घरी लेक रडत असणार होती. मी हो म्हटलं आणि चालू लागले.